गणवेश, गुन्हा आणि मोबाइल: पोलिसांनी समाजमाध्यमे वापरताना पाळायचे नियम

रात्रपाळी संपवून घरी निघालेला अंमलदार पोलीस ठाण्याच्या दारात स्वतःचा फोटो काढतो आणि स्टेटसला ठेवतो, तेव्हा त्याच्या मनात काही वाईट नसते. मात्र त्या फोटोत मागे उभे असलेले जप्त वाहन, बाकावर बसलेली फिर्यादी महिला आणि टेबलावर उघडी राहिलेली स्टेशन डायरी यांपैकी काहीही त्याचे स्वतःचे नसते. पोलिसांच्या समाजमाध्यम वापराविषयीचे बहुतेक नियम याच जाणिवेतून निघालेले आहेत. जे तुमचे खासगी आहे त्यावर तुमचा अधिकार शाबूत आहे. जे नोकरीमुळे तुमच्या डोळ्यांसमोर आले, हातात आले किंवा अंगावर चढले, ते प्रसिद्ध करण्याचा निर्णय तुमचा नाही. हा लेख महाराष्ट्र पोलीस दलातील शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या सर्वांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ लागू होतात, पण व्यवहारातील काळजी त्यांनाही हीच घ्यावी लागते.

आधी पायाखालची जमीन तपासा

समाजमाध्यमांसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून आपल्याला बंधन नाही, असा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात जुनेच नियम नव्या माध्यमाला लागू होतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु अनुच्छेद ३३ ने सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्या अधिकारातूनच पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियम, १९६६ आला. या कायद्याच्या कलम ३ नुसार पोलिसाला सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी संपर्क साधता येत नाही किंवा पुस्तक, पत्र वा अन्य दस्तऐवज प्रसिद्ध करता येत नाही. राजकीय हेतूने भरवलेल्या सभेत वा निदर्शनात भाग घेण्यासही मनाई आहे. भंग झाल्यास २ वर्षांपर्यंत कारावास, २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

याच कलमातील अपवाद मात्र फार कमी जणांना माहीत असतो. कर्तव्याचा प्रामाणिक भाग म्हणून केलेले प्रकाशन, तसेच निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचे प्रकाशन या मनाईतून वगळलेले आहे. कविता लिहिणाऱ्या, अभंग गाणाऱ्या किंवा गडकिल्ल्यांचे फोटो काढणाऱ्या पोलिसाने आपला छंद लपवून ठेवण्याचे कारण नाही. दल माणसांचे असते, आणि माणसाला छंद असणे दलाच्याही हिताचे आहे असे मला मनापासून वाटते.

याखेरीज महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. सचोटी, कर्तव्यनिष्ठा, राजकारणापासून अलिप्तता, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका न करणे, परवानगीशिवाय माहिती न देणे आणि खासगी व्यवसाय न करणे, ही सर्व बंधने त्यांत आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. त्यामुळे "मी त्या दिवशी साप्ताहिक सुटीवर होतो" हे उत्तर चौकशीत फारसे उपयोगी पडत नाही.

राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी सर्व शासकीय कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यम वापराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, बंदी घातलेली संकेतस्थळे व ॲप वापरू नयेत, राज्य वा केंद्र शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, गोपनीय कागदपत्रे पूर्वमंजुरीशिवाय प्रसारित करू नयेत, शासकीय कामाची माहिती देताना स्वतःची स्तुती होणार नाही याची दक्षता घ्यावी आणि बदली झाल्यावर कार्यालयीन खाते रीतसर हस्तांतरित करावे, असे त्यांत सांगितले आहे. कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरण्यास त्यांत मुभा आहे. आपल्या घटकाने, म्हणजे आयुक्तालयाने किंवा अधीक्षक कार्यालयाने, काढलेले वेगळे आदेशही असू शकतात. हजेरीवर वाचून दाखवलेला आदेश सही करून विसरून जाण्याऐवजी त्याची प्रत मागून घ्यावी.

खाती वेगळी करा आणि मागचे साफ करा

एक शांत तास काढून स्वतःची सर्व खाती उघडा. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, यूट्यूब, टेलिग्राम, कधीकाळी उघडून विसरलेली खाती, सगळीच. वैयक्तिक खाते वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर आणि वैयक्तिक ईमेलवर असावे. शासकीय क्रमांक किंवा शासकीय ईमेल त्याला जोडलेला असल्यास तो काढून टाका. खात्याच्या नावात "पोलीस", "पीएसआय", "सिंघम" अशी विशेषणे असतील तर ती काढा, कारण खाते कितीही खासगी असले तरी वाचणारा ते दलाचेच मत समजतो.

त्यानंतर जुन्या पोस्ट पाहा. भरतीपूर्वी एखाद्या पक्षाच्या मेळाव्यात काढलेला फोटो, महाविद्यालयात असताना एखाद्या जातीविषयी केलेली शेरेबाजी, विशीत टाकलेले आवेशपूर्ण व्हिडिओ हे सर्व तुम्ही विसरलेला असता, परंतु तुम्ही तपास करत असलेल्या गुन्ह्यातील आरोपीचे वकील ते शोधू शकतात. उलटतपासणीत तपास अधिकाऱ्याच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न उभा करायला तेवढे पुरते. खरे गुन्हेगार सुटण्याची अनेक कारणे असतात. त्यांत आपल्या जुन्या पोस्टची भर पडू नये.

आपण खाते "प्रायव्हेट" केले आहे, ही समजूत फार धोक्याची आहे. स्टेटस ४० जणांनाच दिसत असला तरी त्या ४० पैकी एकाने स्क्रीनशॉट काढला की त्याचा प्रवास तुमच्या हाती राहत नाही. कोणतीही पोस्ट टाकताना ती उद्या स्थानिक वृत्तवाहिनीवर तुमच्या नावासह दिसणार आहे असे धरूनच टाकावी.

गणवेश आणि रील

वादाचे सर्वाधिक प्रसंग इथेच घडतात, आणि खरे तर हाच भाग सर्वांत सोपा आहे. शासनाच्या २०२५ च्या सूचनांनुसार प्रोफाइलवरील स्वतःचे छायाचित्र वगळता वैयक्तिक खात्यावरील फोटो, रील किंवा व्हिडिओत शासकीय पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत यांचा वापर टाळायचा आहे. गणवेशात चित्रपटगीतावर नाचणे, सरकारी वाहनाच्या बॉनेटवर बसून संवाद म्हणणे, सरकारी पिस्तूल हातात घेऊन व्हिडिओ करणे हे त्यात सरळ बसते. उत्तर प्रदेश पोलिसांनीही फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतंत्र समाजमाध्यम धोरण काढून गणवेशातील रील आणि कर्तव्यावर असतानाचे थेट प्रक्षेपण यांवर बंदी घातली. म्हणजे हा प्रश्न एका राज्यापुरता नाही.

पदकप्रदान सोहळा, संचलन, पदोन्नतीवेळी खांद्यावर लागलेला नवा स्टार या क्षणांचा अभिमान स्वाभाविक आहे. आई-वडिलांना, गावाकडच्या मंडळींना तो फोटो दाखवावासा वाटणे यात गैर काही नाही. तो घरच्यांना व्यक्तिशः पाठवावा. जाहीर पोस्ट करायचीच असेल तर घटकाच्या अधिकृत खात्यावर ती आल्यानंतर तेथूनच पुढे पाठवणे सुरक्षित आहे. फोटोत मागे काय दिसते हे पाहायची सवय मात्र प्रत्येक वेळी ठेवा. बिनतारी संदेश कक्षातील नकाशा, शस्त्रागाराचे दार, संगणकावर उघडलेले सीसीटीएनएसचे (गुन्हे व गुन्हेगारांची नोंद ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचे) पान, फलकावरील ड्युटी वाटप या गोष्टी कडेला, अंधूक का होईना, उतरलेल्या असतात.

गुन्ह्याची माहिती: येथे चूक झाली तर ती दुसऱ्याला भोगावी लागते

गणवेशातील रीलमुळे तुमची वेतनवाढ थांबू शकते. पीडितेचे नाव बाहेर गेले तर तिचे संपूर्ण आयुष्य बदलते. म्हणून हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो आणि तो नीट वाचावा अशी विनंती करतो.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडित व्यक्तीची ओळख प्रकट करणे भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी २ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले की जिच्यामुळे व्यक्ती ओळखता येईल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करता येत नाही. गावाचे नाव, शाळेचे नाव, वडिलांचा व्यवसाय, घराच्या दाराचा फोटो, आरोपीशी असलेले नाते यांतील दोन-तीन तपशील एकत्र आले की लहान गावात कोणालाही ओळख पटते. आरोपी मुलीचा मामा असेल आणि आरोपीचे पूर्ण नाव प्रेस नोटमध्ये असेल, तर मुलीचे नाव गाळून काहीही साधत नाही. तपासासाठी सद्भावनेने ओळख उघड करायची असेल तर ठाण्याचा प्रभारी किंवा तपास अधिकारी लेखी आदेशाने ते करू शकतो. व्हॉट्सॲपवरील फॉरवर्ड म्हणजे लेखी आदेश नव्हे.

बालकांबाबत बंधन आणखी कडक आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ चे कलम २३ आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ एकत्र वाचावे. दुसऱ्या कायद्यात पीडित बालक, साक्षीदार बालक आणि विधिसंघर्षग्रस्त (गुन्हा केल्याचा आरोप असलेले) बालक या तिघांनाही संरक्षण आहे. सतरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकल चोरीत ताब्यात घेतले आणि पथकाने त्याच्यासह फोटो काढून "दमदार कामगिरी" या मथळ्याखाली टाकला, तर त्या कामगिरीतच कायद्याचा भंग झालेला असतो.

प्रौढ आरोपीच्या फोटोबाबतही घाई नको. ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने अनेकांमधून आरोपीला ओळखून दाखवणे, व्हायची असेल आणि त्याआधीच आरोपीचा चेहरा शेकडो मोबाइलवर पोहोचला असेल, तर साक्षीदाराने त्याला परेडमध्ये ओळखण्याला न्यायालयात फार कमी किंमत राहते. केंद्रीय गृह मंत्रालयाने पोलिसांच्या माध्यमविषयक धोरणाबाबत १ एप्रिल २०१० रोजी दिलेल्या सूचनांमध्येही आरोपीला माध्यमांसमोर मिरवू नये आणि ओळख परेड बाकी असल्यास चेहरा झाकावा, असे म्हटले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर सविस्तर नियमपुस्तिका तयार करण्याचे निर्देश मंत्रालयाला दिले. अटक झालेला माणूस निर्दोष ठरू शकतो, ही गोष्ट पोलिसाइतकी कोणालाच ठाऊक नसते. जाहीरपणे माफी मागायला लावलेल्या, उठाबशा काढायला लावलेल्या आरोपीचा व्हिडिओ लोक आवडीने पाहतात, पण न्यायालयात तोच व्हिडिओ पोलिसांविरुद्धचा पुरावा होतो.

"एफआयआर तर सार्वजनिक कागदच आहे" असा युक्तिवाद केला जातो. यूथ बार असोसिएशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश दिले, हे खरे. परंतु लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बालकांवरील लैंगिक गुन्हे अशा संवेदनशील गुन्ह्यांना त्यातून वगळले, आणि एखादा एफआयआर संवेदनशील म्हणून न टाकण्याचा निर्णय उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने घेऊ नये असेही सांगितले. ही व्यवस्था संकेतस्थळाची आहे. ठाणे अंमलदाराने पानाचा फोटो काढून ओळखीच्या पत्रकाराला पाठवणे तिच्यात बसत नाही. केस डायरी, सीडीआर (मोबाइल कॉलचा तपशील), पंचनाम्याचे फोटो, मृतदेहाचे फोटो, साक्षीदारांचे जबाब आणि आधार कार्डाच्या प्रती तर कोणत्याही अर्थाने सार्वजनिक नाहीत. आधार क्रमांक जाहीरपणे प्रदर्शित करण्यास आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ ने मनाई केलेली आहे.

येथे एक तांत्रिक मुद्दाही ध्यानात घ्यावा. झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केले आहे. हे चित्रण खासगी मोबाइलमध्ये करून, व्हॉट्सॲपने लेखनिकाला पाठवून, मग मोबाइलमध्ये जागा उरत नाही म्हणून मूळ फाइल पुसून टाकणे ही सवय घातक आहे. व्हॉट्सॲप साधारणपणे व्हिडिओ आकुंचित करून पाठवते, त्यामुळे फाइल बदलते आणि तिचे हॅश मूल्यही (फाइलची ओळख पटवणारा गणिती ठसा) बदलते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र देताना मूळ फाइल हाताशी नसली की संपूर्ण जप्तीवर संशय येतो.

गट, गटप्रमुख आणि फॉरवर्ड

प्रत्येक पोलिसाच्या मोबाइलमध्ये किमान डझनभर गट असतात: ठाण्याचा, बीटचा, बॅचमेटचा, शांतता समितीचा, पत्रकारांचा, सोसायटीचा, नातेवाइकांचा. या गटांची मनात तीन भागांत विभागणी करा. पहिल्या भागात केवळ दलातील सदस्य असलेले कामाचे गट. तेथेही बाधित व्यक्तींची नावे व गोपनीय कागद टाकण्यापूर्वी गटात नेमके कोण आहे हे पाहा, कारण बदली झालेले, निवृत्त झालेले आणि कधीकाळी जोडलेले खासगी चालकही त्यात राहून गेलेले असतात. दुसऱ्या भागात नागरिक आणि पोलीस एकत्र असलेले गट. तेथे तुमचा प्रत्येक शब्द दलाचा शब्द समजला जातो, म्हणून सूचना, आवाहन आणि खुलासा यांपलीकडे जाऊ नका. तिसऱ्या भागात खासगी गट. तेथे नोकरीचा विषय काढूच नये, हे उत्तम.

फॉरवर्ड करणे म्हणजे मी लिहिले नाही, असे म्हणून सुटका होत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात संदेश पुढे पाठवणे म्हणजे त्यातील मजकूर स्वीकारून त्याला दुजोरा देणे होय, अशी भूमिका घेतली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही संबंधिताला दिलासा दिला नाही. गटप्रमुखाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले की समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ गटप्रमुख आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. हे फौजदारी जबाबदारीपुरते आहे. पोलीस गटप्रमुख असलेल्या गटात दोन समाजांत तेढ निर्माण करणारा मजकूर तासन्‌तास पडून राहिला, तर विभागीय चौकशीत "माझे लक्ष नव्हते" हे उत्तर पुरेसे ठरेलच असे नाही. असा मजकूर दिसला की तो सर्वांसाठी काढावा, टाकणाऱ्याला समज द्यावी आणि दखलपात्र वाटल्यास वरिष्ठांना कळवून नोंद घ्यावी.

जात, धर्म, भाषा आणि लिंग यांवरून विनोद करणारे संदेश आपल्या बॅचच्या गटातही नकोत. ज्या वस्तीत उद्या बंदोबस्ताला उभे राहायचे आहे, त्या वस्तीविषयी आज रात्री काय लिहिले हे बाहेर आले, तर ती वस्ती तुमच्यावर का विश्वास ठेवील?

बंदोबस्त आणि ठिकाण

बंदोबस्त स्कीमची पाने, नाकाबंदीची ठिकाणे, अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचा मार्ग, छाप्याला निघालेल्या पथकाची वेळ यांतील काहीही बाहेर जाऊ नये, हे सांगायची गरज नाही. न सांगता घडते ते असे की गणपती विसर्जनाला बारा तास उभा असलेला अंमलदार थेट प्रक्षेपण सुरू करतो, किंवा फोटोसोबत ठिकाण आपोआप जोडले जाते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील ठिकाण नोंदवण्याची सोय बंद ठेवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वृत्तवाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले होते, कारण सुरक्षा दलांच्या हालचाली पाहून सीमेपलीकडील सूत्रधार हल्लेखोरांना सूचना देत होते. तेव्हा त्यासाठी वाहिनीची गाडी लागत होती. आज प्रत्येक शिपायाच्या खिशात तेवढीच क्षमता आहे.

राजकारण आणि निवडणूक

मतदान करणे हा तुमचा हक्क आहे, मत प्रदर्शित करणे नाही. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मत्स्य विभागातील एका महिला कर्मचाऱ्याच्या फेसबुक पोस्टबाबत दिलेला निकाल अनेकदा पुढे केला जातो. सरकारी कर्मचाऱ्यालाही स्वतःची राजकीय मते असू शकतात आणि नियमांच्या मर्यादेत ती मांडता येतात, असे त्यात म्हटले आहे. तो निकाल वाचण्यासारखा आहे, परंतु पोलिसाला १९६६ च्या कायद्याचे अधिकचे बंधन आहे हे त्यावरून निष्कर्ष काढताना विसरू नये.

निवडणूक काळात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२९ लागू होते. पोलीस दलातील कोणीही मतदाराला मत देण्यास किंवा न देण्यास प्रवृत्त करू शकत नाही. टपाली मतपत्रिकेवर खूण करून तिचा फोटो स्टेटसला ठेवणे हा मतदानाच्या गुप्ततेचा भंग आहे, आणि असे प्रकार प्रत्यक्ष घडले आहेत. नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, पक्षचिन्ह असलेला प्रोफाइल फोटो, पक्षाच्या पोस्टवरील हृदयाचे चिन्ह हे सर्व टाळावे.

तक्रार असेल तर कोठे करावी

वर्तणूक नियम जाहीर टीकेला मनाई करतात, तक्रारीला नाही. हा फरक सांगितला जात नाही म्हणून कित्येक अंमलदार घुसमटतात आणि अखेर एका रात्री रागाच्या भरात व्हिडिओ टाकतात. सुट्या मिळत नाहीत, निवासस्थान गळते, बदलीत अन्याय झाला, वरिष्ठाने अपमान केला, या व्यथा खऱ्या असतात. त्यांसाठी दरबार आणि ऑर्डर्ली रूम, म्हणजे वरिष्ठांनी कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्याची व्यवस्था, आहे, योग्य मार्गाने दिलेला लेखी अर्ज आहे, सेवाविषयक बाबींत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती आहे आणि लाचखोरीची माहिती असल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. अर्जाची पोच घ्या, तारीख लिहून ठेवा, स्मरणपत्र द्या. हा मार्ग संथ आहे, मान्य. पण व्हिडिओ टाकल्यावर चर्चा तुमच्या तक्रारीची होत नाही, तुमच्या शिस्तभंगाची होते. घटक प्रमुखांनीही ऑर्डर्ली रूम नियमित घेतली, तर असे निम्मे व्हिडिओ तयारच होणार नाहीत असे माझे ठाम मत आहे.

एखाद्या सहकाऱ्याच्या स्टेटसमध्ये निराशा, निरोपाची भाषा किंवा स्वतःला इजा करण्याचा सूर दिसला, तर त्याचा स्क्रीनशॉट गटात टाकू नका. त्याला लगेच फोन करा, जवळ असाल तर घरी जा, त्याच्याकडे शस्त्र असेल तर प्रभारी अधिकाऱ्यांना तत्काळ कळवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पैसा, प्रसिद्धी आणि जाळी

यूट्यूबवरून मिळणारे उत्पन्न, जाहिरातीसाठी घेतलेले मानधन, भरती प्रशिक्षणाच्या सशुल्क वर्गाची जाहिरात हे सर्व खासगी व्यवसायात मोडू शकते. आधी लेखी परवानगी घ्या. व्यायामशाळेने फुकट सदस्यत्व देऊन बदल्यात गणवेशातील फोटो मागितला, तर तोही मोबदलाच.

अनोळखी महिलेच्या वा पुरुषाच्या नावाने आलेली मैत्रीची विनंती, काही दिवसांची गोड बोलणी, मग व्हिडिओ कॉल आणि नंतर धमकी किंवा माहितीची मागणी ही पद्धत आता सर्वज्ञात आहे, तरीही तीत शिकलेली माणसे अडकतात. मे २०२३ मध्ये महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने पुण्यातील डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एका शास्त्रज्ञाला अशाच संशयावरून अटक केली होती. अडकल्याचे लक्षात आले तर पैसे देऊ नका, गप्प बसू नका, त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. लाज वाटणे साहजिक आहे, पण लपवलेल्या गोष्टीचीच किंमत वाढत जाते.

तुमच्या फोटोचे बनावट खाते उघडून ओळखीच्यांकडे पैसे मागणे, किंवा "बदली झाली, फर्निचर स्वस्तात विकायचे आहे" असे संदेश पाठवणे हा प्रकार गणवेशातील प्रोफाइल फोटोंमुळेच सोपा होतो. असे घडल्यास बनावट खात्याची लिंक जपून ठेवा, त्या माध्यमाकडे तक्रार नोंदवा, मित्रपरिवाराला सावध करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवायला सांगा. मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी ठेवणे आणि सर्व खात्यांना दुहेरी पडताळणी लावणे ही दहा मिनिटांची कामे आहेत.

चूक झालीच तर

चुकीची पोस्ट गेल्याचे ध्यानात येताच ती काढा, परंतु काढण्यापूर्वी तिचा स्क्रीनशॉट वेळेसह ठेवा. मजकूर चौकशीचा विषय झाल्यानंतर मोबाइल पुसणे, खाते बंद करणे, सहकाऱ्यांना चॅट डिलीट करायला सांगणे हे पुरावा नष्ट करण्यात मोडू शकते आणि मूळ चुकीपेक्षा महाग पडते. प्रभारी अधिकाऱ्यांना स्वतःहून कळवा. पीडितेची ओळख गेली असेल तर ज्या ज्या गटात ती गेली तेथून काढून घेण्याचा प्रयत्न त्याच तासात झाला पाहिजे, कारण तेथे प्रश्न तुमच्या नोकरीचा नसून तिच्या सुरक्षिततेचा आहे.

कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत, शांतपणे आणि मुद्देसूद उत्तर द्या. ज्या पोस्टवरून नोटीस निघाली तिची प्रत आणि ज्या नियमाचा भंग झाला म्हणतात त्याचा उल्लेख मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पोस्ट खरोखर तुमची आहे का, खाते हॅक झाले होते का, मजकूर संपादित करून पसरवला आहे का, हे मुद्दे पहिल्याच उत्तरात मांडा. नंतर मांडल्यास ते सबब वाटतात. बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती अशी मोठी शिक्षा द्यायची असेल तर, अगदी मोजके अपवाद सोडल्यास, अनुच्छेद ३११ नुसार चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. शिक्षा झाल्यावर आधी विभागीय अपील करावे. ते संपल्यानंतर न्यायाधिकरणात जाण्यासाठी सर्वसाधारणपणे अंतिम आदेशापासून १ वर्षाची मुदत असते.

बदलीच्या दिवशी

मुंबई पोलिसांचे ट्विटर खाते डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या हजरजबाबी, तत्पर शैलीचे लोकांनी भरभरून कौतुक केले. ते यश एका व्यक्तीच्या मोबाइलवर उभे नव्हते, संस्थेचे होते. ठाण्याचे लहानसे खाते चालवणाऱ्यानेही हेच ध्यानात ठेवावे. कार्यमुक्त होताना मुद्देमालाप्रमाणेच खात्याचाही ताबा द्यायचा असतो: पासवर्ड, खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक, पुनर्प्राप्तीचा ईमेल, संपादनाचे अधिकार असलेल्यांची यादी आणि नागरिकांच्या अनुत्तरित संदेशांची नोंद. नव्या अधिकाऱ्याने पासवर्ड बदलल्याची खातरजमा करून त्याची लेखी पोच घ्या. मग जुन्या ठाण्याच्या कामाच्या गटांतून स्वतः बाहेर पडा, गॅलरीतील तपासाचे फोटो संबंधित तपास अधिकाऱ्याकडे सोपवल्याची खात्री करून ती जागा मोकळी करा, आणि स्टेशन डायरीत कार्यमुक्तीच्या नोंदीखाली खात्याचा ताबा दिल्याचीही एक ओळ लिहून घ्या.